‘थिंग’चा रोजनामा : परक्या भाषेतल्या जुन्या शब्दाचा माग कसा काढावा

व्हॉट्सअ‍ॅपवर दर थोड्या दिवसांनी कुणीतरी मला पाठवतंच: अमुक इंग्रजी शब्द मूळचा संस्कृत. पुरावा काय, तर म्हणायला सारखा लागतो. माझी नोकरी दिवाणी कोर्टात लिपिक म्हणून गेली. दावा नोंदवायचा, कागदांवर निशाणी क्रमांक टाकायचे, रोजनामा, म्हणजे दाव्याच्या कामकाजाची नोंद, लिहायचा. तिथं ‘सारखं दिसतं’ एवढ्यावर बांधावरची बाभळसुद्धा कुणाला मिळत नाही. निवृत्तीनंतर जर्मन शिकायला बसलो आणि इंग्रजी, डच, स्वीडिश, आइसलँडिक अशी तिची सगळी भावकी मागे लागली. शब्दाचा माग काढायची एक पद्धत त्यातून हाताला बसली, ती इथं लिहितो.

पद्धत नुसती सांगून कळत नाही, म्हणून एकच शब्द घेऊ: इंग्रजीतला ‘थिंग’. आज त्याचा अर्थ वस्तू, बाब, कुठलंही काहीही. माझं म्हणणं असं, की हा मुळात माझ्याच खात्यातला शब्द आहे. लोक ठरल्या वेळी जमून तंटे मिटवायचे, कायदे करायचे, त्या सभेला ‘थिंग’ म्हणत. पण हे माझ्या तोंडून ऐकून मान्य करू नका. ते सिद्ध कसं करायचं, त्यासाठीच हा लेख आहे.

आधी साक्षीदार गोळा करा

एक वही घ्या आणि पाच रकाने आखा: भाषा, रूप, अर्थ, सर्वांत जुनी तारीख, कुठल्या कागदात सापडलं. शेवटचे दोन रकाने लोक गाळतात आणि तिथंच फसतात.

पहिल्यांदा जिवंत भाषा. इंग्रजी थिंग, जर्मन डिंग, डच डिंग, स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन टिंग, आइसलँडिक थिंग. मग जुन्या अवस्था: जुनी इंग्रजी, जुनी सॅक्सन, जुनी फ्रिजियन, जुनी उच्च जर्मन, जुनी नॉर्स (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा). प्रत्येक भाषेपुढे ती कुठल्या शाखेतली तेही लिहा. या भावकीच्या, म्हणजे जर्मॅनिक भाषांच्या, तीन शाखा धरतात. पश्चिमेत इंग्रजी, जर्मन, डच, फ्रिजियन. उत्तरेत स्कँडिनेव्हियन मंडळी. पूर्वेची मुख्य साक्षीदार गॉथिक, जी मेली, पण चौथ्या शतकात बिशप वुल्फिलानं केलेल्या बायबलच्या भाषांतरामुळे कागदावर उरली. शाखा लिहायचं कारण असं, की शब्द एकाच शाखेत सापडला तर तो शेजाऱ्याकडून उसना आलेला असू शकतो. दोन-तीन शाखांत, आपापल्या नियमानं बदललेला सापडला, तर तो सामाईक वाडवडिलांचा.

देवनागरीत मी ‘थ’ लिहितोय ती सोय आहे. इंग्रजीतला तो आवाज आपल्या ‘थाळी’तला नाही, जीभ दातांना टेकवून वारा सोडतात तसला आहे. जुन्या इंग्रजीत आणि आजही आइसलँडिकमध्ये त्याला स्वतंत्र अक्षर आहे, ‘थॉर्न’ नावाचं: उभी दांडी आणि तिच्या मध्यावर उजवीकडे फुगवटा. जुन्या छापील प्रतींत हे अक्षर ओळखता यायला हवं, नाहीतर ‘थिंग’ला तुम्ही ‘पिंग’ वाचाल.

अर्थाकडे बघायच्या आधी आवाज तपासा

बहुतेक लोक उलटं करतात. अर्थ जुळला की खूश होतात आणि आवाज मागाहून ओढूनताणून बसवतात. अर्थ लवचिक असतो, कुठंही पोचतो. आवाज शिस्तीनं बदलतात, म्हणून उलटतपासात आवाजच टिकतो.

शिस्त कशी बघायची? मराठी माणसाला यात एक फायदा आहे, आपण आणि या जर्मॅनिक भाषा एकाच मोठ्या इंडो-युरोपीय खानदानातले. आपली ‘तहान’ घ्या, म्हणजे संस्कृत तृष्णा, धातू तृष्. इंग्रजीत थर्स्ट, जर्मनमध्ये डुर्स्ट, डचमध्ये डॉर्स्ट, स्वीडिशमध्ये टोर्स्ट, आइसलँडिकमध्ये थोर्स्ती. आता ‘तीन’, संस्कृत त्रि: थ्री, ड्राय, ड्री, ट्रे, थ्रीर. आता ‘तनु’, म्हणजे पातळ: थिन, ड्युन, डुन, टुन, थुन्नुर. वहीत एकाखाली एक लिहून काढा. जिथं आपल्याकडे ‘त’, तिथं इंग्रजीत आणि आइसलँडिकमध्ये तो वाऱ्याचा ‘थ’, जर्मन-डचमध्ये ‘ड’, स्वीडिशमध्ये ‘ट’. हे डॅनिश पंडित रास्मुस रास्कनं १८१८ मध्ये आणि याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये मांडलं. नाव ग्रिमचं राहिलं. हो, परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांपैकी थोरला तोच.

आता थिंग, डिंग, डिंग, टिंग, थिंग ही ओळ त्या तीन ओळींखाली लिहा. तंतोतंत बसते. म्हणजे हे सगळे एकाच शब्दाचे वारस आहेत, आणि कुणी कुणाकडून काल-परवा उसना घेतलेला नाही.

याच कसोटीवर खोटे वारस गळतात. एका ओळखीच्या गृहस्थांनी मला गंभीरपणे सांगितलं, की थिंग म्हणजे सभा आणि सभेत होतो तो धिंगाणा, म्हणून दोन्ही एकच. कल्पना झकास आहे, पण संस्कृत ‘ध’च्या जागी इंग्रजीत ‘ड’ येतो: विधवा आणि विडो, मधु आणि मीड. ‘थिंग’चा आपल्याकडे सख्खा भाऊ असता तर तो ‘त’नं सुरू झाला असता. धिंगाणा बाद.

दुसरा सापळा घरातलाच. इंग्रजीत ‘थिंग’ आणि ‘थिंक’ शेजारी बसल्यावर कुणालाही वाटतं, विचारात येते ती वस्तू. पण ‘थिंक’च्या ओळीत सगळीकडे शेवटी ‘क’ आहे: जर्मन डेंकेन, डच डेंकेन, स्वीडिश टेंका. ‘थिंग’च्या ओळीत सगळीकडे ‘ग’. दोन वेगळी घराणी, एकाच आळीत राहणारी.

मूळ दस्त कुठं आहे आणि नक्कल कधीची?

माझा आवडता भाग. कोर्टात झेरॉक्स दाखवली की पहिला प्रश्न येतो, अस्सल कुठंय? इथंही तोच विचारायचा, आणि वहीत दोन तारखा लिहायच्या: मजकूर कधीचा, हातातली प्रत कधीची.

सर्वांत जुना कागद हा कागद नाहीच, दगड आहे. उत्तर इंग्लंडात रोमनांनी बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीवर हाउसस्टेड्स नावाचा किल्ला आहे. तिथं १८८३ मध्ये दोन वेद्या सापडल्या. त्यांतल्या एकीवर लॅटिनमध्ये कोरलंय, की ही ‘मार्स थिंक्सस’ या देवाला अर्पण. अर्पण करणारे स्वतःला जर्मन म्हणवतात आणि ‘तुइहांती’ लोकांपैकी सांगतात, म्हणजे आजच्या नेदरलँडमधल्या ट्वेंटे भागातले. जोडीच्या दगडावर फ्रिजियन शिपायांच्या तुकडीला सेव्हेरस अलेक्झांडर या सम्राटाचं बिरुद लावलंय, त्यावरून काळ निघतो: इ. स. २२२ ते २३५. रोमन मार्स हा युद्धाचा देव, पण या शिपायांनी त्याला ‘थिंगवाला’ म्हटलंय, म्हणजे सभेचा, न्यायाच्या बैठकीचा राखणदार. दगडाची नक्कल होत नाही. जे कोरलं ते त्याच साली, त्याच हातानं. म्हणून माझ्या वहीत निशाणी १ हीच.

निशाणी २ आग्नेय इंग्लंडातल्या केंटच्या राजांचा कायदा. ह्लॉथहेर आणि एड्रिक या दोघांच्या नावावर तो आहे, साधारण ६८५ चा. त्यात एक कलम असं, की एखाद्यानं दुसऱ्यावर आरोप केला आणि तो आरोपी त्याला ‘मेडल’मध्ये किंवा ‘थिंग’मध्ये भेटला, तर आरोपीनं जामीन द्यायचा. ‘मेडल’ हाही सभेचाच जुना शब्द. इथं ‘थिंग’चा अर्थ वस्तू लावून बघा, कलमाला अर्थच उरत नाही. मात्र हा मजकूर आपल्या हाती आहे तो रॉचेस्टरला ११२० च्या दशकात लिहिलेल्या हस्तलिखितातून. मधे सव्वाचारशे-साडेचारशे वर्षं. नकलकारानं मधल्या काळात स्पेलिंग आपल्या सवयीचं केलं असेल, हे धरून चालायचं. आवाजाच्या बारीक मुद्द्यासाठी हा पुरावा जपून वापरा. अर्थासाठी भक्कम आहे.

इटलीत जाऊन राहिलेल्या लाँगोबार्ड या जर्मॅनिक लोकांचा राजा रोथारी यानं ६४३ मध्ये कायदा लिहून काढला, लॅटिनमध्ये. त्यात ‘थिंक्स’ येतो आणि तिथं त्याचा अर्थ सभेसमोर रीतसर केलेलं दान असा झालाय. आपल्या भाषेत सांगायचं तर नोंदणीकृत बक्षीसपत्र. अर्थ कसा सरकतो ते इथं दिसायला लागतं: सभा, मग सभेत केलेला व्यवहार.

गावांच्या नावांत, वारांत, जोडशब्दांत शोधा

शब्द स्वतः बदलला तरी जोडशब्दांत त्याचा जुना अर्थ तसाच राहतो. त्यामुळे सुट्या शब्दावर थांबू नका.

आइसलँडला ९३० मध्ये ‘अल्थिंग’ भरलं, सगळ्यांची सभा. जागेचं नाव थिंगवेट्लिर, सभेची मैदानं. लिखित कायदा नव्हता. ‘लोग्सोगुमाथुर’ म्हणजे कायदा सांगणारा माणूस खडकावर उभा राहून दर उन्हाळ्यात एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणायचा, तीन वर्षांत पूर्ण. १११७-१८ च्या हिवाळ्यात तो लिहून काढायला सुरुवात झाली. दोनशे वर्षं रोजनाम्याशिवाय कोर्ट चाललं, हे वाचून मला लिपिक म्हणून जरा अपमानही वाटला. त्यांच्या संसदेला आजही अल्थिंगच म्हणतात, आणि वस्तूला ते सहसा ‘ह्लुतुर’ असा वेगळा शब्द वापरतात. नॉर्वेची संसद स्टोर्टिंग, डेन्मार्कची फोल्केटिंग.

व्हायकिंग जिथं जिथं वसले तिथं ‘सभेचं मैदान’ हे नाव ठेवून गेले, आणि स्थानिक जिभांनी ते आपापल्या परीनं घडवलं. स्कॉटलंडमध्ये डिंगवॉल, शेटलंडमध्ये टिंगवॉल, लिव्हरपूलच्या नदीपलीकडे थिंगवॉल, आइल ऑफ मॅन बेटावर टिनवॉल्ड. ते शेवटचं तर अजून चालू आहे. दरवर्षी ५ जुलैच्या सुमारास सेंट जॉन्स गावातल्या पायऱ्यांच्या टेकडीवर सभा भरते आणि नवे कायदे लोकांपुढे इंग्रजीत आणि मँक्स या बेटाच्या स्वतःच्या भाषेत वाचले जातात.

वारांकडे वळा. इंग्रजीत मंगळवार ट्यूसडे, ‘टिव’ या जुन्या जर्मॅनिक देवाचा दिवस. जर्मनमध्ये मात्र डीन्सटाग, डचमध्ये डिन्सडाख, आणि मध्ययुगीन ‘खालच्या’ जर्मनमध्ये (म्हणजे उत्तरेच्या सखल भागातल्या) ‘डिंगेसडाख’. या रूपांत तो भिंतीवरचा थिंक्सस बसलाय. रोमन लोकांचा मंगळवार मार्सचा, आपलाही मंगळ ग्रहाचा. जर्मन लोकांनी तिथं आपला सभेचा मार्स बसवला. स्वित्झर्लंडकडच्या बोलींत हाच वार ‘त्सीश्टिग’, तिथं इंग्रजीसारखा जुना देव टिकला. वहीत ही फट लिहून ठेवा. एका भाषेतल्या बोलींतसुद्धा दोन वेगळे साक्षीदार निघतात.

जोडशब्दांत मला सर्वांत आवडलेला जर्मन ‘फेरटायडिगेन’, म्हणजे बचाव करणे. आज त्यात डिंग ऐकूसुद्धा येत नाही. पण मागे गेलं की ‘टायडिंक’ मिळतं, आणि त्याच्या मागे जुन्या जर्मनमधलं ‘टागाडिंग’: टाग म्हणजे दिवस, डिंग म्हणजे सभा. ठरलेल्या दिवशीची कोर्टाची बैठक. आपण ज्याला नुसतं ‘तारीख’ म्हणतो ती. जर्मन भाषेत बचाव हा शब्द ‘तारखेला हजर राहणे’ यातून आला, हे कुठल्याही पक्षकाराला समजावून सांगावं लागणार नाही.

माझा भाचा नेदरलँडमध्ये असतो. घरमालकाशी डिपॉझिटवरून वाजलं तेव्हा वकिलाच्या पत्रात ‘कॉर्ट खेडिंग’ असे दोन शब्द होते. त्यानं मला फोटो पाठवला, खाली लिहिलं, “मामा, कोर्टाचं काहीतरी आलंय.” आलं होतं कोर्टाचंच, पण कोर्ट हे ‘कॉर्ट’मध्ये नव्हतं. ‘कॉर्ट’ म्हणजे आखूड, तातडीचं. लॅटिन ‘कुर्टुस’वरून आलेलं. आपण वापरतो ते इंग्रजी ‘कोर्ट’ लॅटिन ‘कोहोर्स’वरून, अंगण किंवा आवार या अर्थाचं. खरं कोर्ट दुसऱ्या शब्दात होतं: ‘खेडिंग’, म्हणजे खटला, आणि त्यात आपला ‘डिंग’. डचमध्ये सुटा ‘डिंग’ वस्तू झाला, पण कायद्याच्या भाषेत जुना अर्थ अजून पगारावर आहे.

आता अर्थाचा प्रवास लावा

इथपर्यंत पुरावे जमले की अर्थ लावायला हरकत नाही. गॉथिकमध्ये ‘थिंग’ असं रूप मिळत नाही. मिळतं ते ‘थीह्स’, आणि अर्थ आहे काळ, वेळ. मधला ‘न’ कुठं गेला? ‘ह’च्या आधीचा ‘न’ गळतो आणि स्वर लांबतो, हा नियमच आहे. इंग्रजीत ‘ब्रिंग’चं भूतकाळी ‘ब्रॉट’ होताना तेच घडलंय. आणि ‘ग’च्या जागी ‘ह’ का? याचं उत्तर डेन्मार्कच्या कार्ल व्हर्नरनं १८७० च्या दशकात दिलं: मूळ शब्दात आघात कुठं होता त्यावर ‘ह’ किंवा ‘ग’ ठरे. जर्मनमध्ये ‘त्सीहेन’चं (ओढणे) ‘गेत्सोगेन’ (ओढलेलं) होतं, ती त्याचीच खूण.

म्हणजे सर्वांत मागचा अर्थ ‘ठरलेली वेळ’. रोमन इतिहासकार टॅसिटस इ. स. ९८ मध्ये लिहितो, की जर्मन लोक ठरल्या दिवशी, अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास जमतात, आणि प्रस्ताव पसंत पडला की भाले आपटतात. वेळ, वेळेवर जमलेली सभा, सभेपुढचं प्रकरण, मग कुठलंही प्रकरण, आणि शेवटी कुठलीही वस्तू. डॅनिशमध्ये या रस्त्याचे दोन टप्पे लिंगानं वेगळे ठेवलेत: ‘एन टिंग’ म्हणजे वस्तू, ‘एट टिंग’ म्हणजे सभा.

असा प्रवास शक्य आहे का, हे तपासायला इतर भाषा बघा. लॅटिन ‘काउसा’, खटला, त्याचं फ्रेंचमध्ये ‘शोझ’ झालं आणि इटालियनमध्ये ‘कोसा’. दोन्हींचा अर्थ वस्तू. आणि आपल्या तोंडात दिवसभर असते ती ‘गोष्ट’. संस्कृत ‘गोष्ठ’ म्हणजे गाई बांधायची जागा, त्यातूनच आपला गोठा. ‘गोष्ठी’ म्हणजे चार माणसं जमणं, मग त्यांचं बोलणं. ज्ञानेश्वरीत ‘गोठी’ येते ती बोलणं, वार्ता या अर्थानं. आणि आज “एक गोष्ट राहिली” म्हणताना ती बाबही असते, वस्तूही असते. ‘गोष्ट’ आणि ‘थिंग’ नात्यातले नाहीत, एकही आवाज जुळत नाही. रस्ता मात्र दोघांनी एकच धरला, आणि ‘थिंग’च्या प्रवासावर विश्वास ठेवायला एवढा आधार मला पुरतो.

कुठं शोधायचं

विक्शनरीवर सुरुवात करायला हरकत नाही, पण तिथं नुसती नावं उचला. साक्ष दुसरीकडे घ्या. जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ-टॉलर कोश, जुन्या नॉर्ससाठी क्लीस्बी-विग्फुसोन कोश (१८७४), जर्मनसाठी ग्रिम बंधूंनी सुरू केलेला आणि १९६१ मध्ये पुरा झालेला महाकोश, डचसाठी एटिमोलोगीबँक. सगळं इंटरनेटवर फुकट आहे. मराठीसाठी मोल्सवर्थ आणि टर्नर यांचे कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतात.

कोशात एखाद्या रूपाआधी तारा (*) दिसला तर सावध व्हा. विधानसभेतल्या तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून उत्तर तरी देतो. इथला तारा सांगतो, की हे रूप कुठल्याही कागदात सापडलेलं नाही, अभ्यासकांनी मागे जाऊन बांधलंय. असं रूप वहीत पेन्सिलीनं लिहा.

सरावाला पुढचा शब्द देतो: इंग्रजी ‘सेक’, जो आता “फॉर द सेक ऑफ” एवढ्यापुरता उरलाय. जर्मनमध्ये ‘झाखं’, स्वीडिशमध्ये ‘साक’, दोन्हींचा अर्थ वस्तू, बाब. गॉथिकमध्ये ‘साक्यो’ म्हणजे भांडण. जुन्या इंग्रजीतलं रूप ‘साकु’, आणि केंटच्या ज्या कलमात ‘थिंग’ आहे त्याच वाक्यात तेही आहे, आरोप किंवा तंटा या अर्थानं. निशाणी १ तिथंच टाका.